सहावे स्थान

रक्त खोटे बोलत नाही, हे आम्हा प्रयोगशाळेतील माणसांचे आवडते वाक्य. बारामतीत तंत्रज्ञ म्हणून मी ३४ वर्षे काढली. या काळात किती दंडांना रबरी पट्टा बांधला आणि किती काचपट्ट्यांवर रक्ताचा थेंब पसरवला, याची गणती नाही. माणूस आपल्या दुखण्याविषयी कमी-अधिक सांगतो. कोणी भीतीपोटी वाढवून सांगतो, कोणी लाजेपोटी लपवतो. रक्त मात्र आहे तेच सांगते, अशी माझी श्रद्धा होती. श्रद्धा हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे, कारण वाढत्या वयाबरोबर तिचे अहंकारात कधी रूपांतर झाले, ते मला कळलेच नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात ते कळले, आणि त्याची किंमत माझ्या थोरल्या भावाने मोजली.

दादा इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर शेती करतात. आमचे वडील पोटासाठी नगर जिल्ह्यातून या भागात आले आणि साखर कारखान्यात हंगामी कामाला लागले. पुढे मी शिकून बारामतीला गेलो. दादांनी कर्ज काढून जमीन घेतली, ऊस लावला, थोडी द्राक्षबाग केली. बुरशी मी सूक्ष्मदर्शकातून पाहिली, दादांनी ती उघड्या डोळ्यांनी पाहिली, आणि तिची ओळख माझ्यापेक्षा त्यांनाच अधिक होती. द्राक्षाच्या पानावर पांढरी भुकटी आली की भुरी, पान भाजल्यासारखे झाले की करपा, त्यावर गंजाचे ठिपके उठले की तांबेरा. उसाच्या शेंड्यातून काळ्या भुकटीने माखलेला लांब चाबूक बाहेर पडला, की ती चाबूक काणी. काणी दिसली की दादा आधी त्या चाबकावर अलगद पोते चढवीत, म्हणजे ती भुकटी वाऱ्यावर उडू नये. मग ते सबंध बेट मुळासकट खणून काढीत आणि रानाबाहेर नेऊन जाळीत. "त्यातले चार ऊस तर चांगले दिसताहेत, सगळेच कशाला उपटता?" असे मी एकदा विचारले होते. दादा म्हणाले, "काणीचं बेट ठेवून रान वाचत नाही, बाबा."

हे वाक्य पुढे त्यांच्याच तोंडून, अगदी निराळ्या जागी, मला पुन्हा ऐकायचे होते.

४ एप्रिल २०२१ रोजी पुनरुत्थानाचा सण झाला. दुसऱ्याच दिवसापासून राज्यात कडक निर्बंध लागू झाले, चर्चची दारे बंद झाली आणि मिस्सा मोबाईलच्या पडद्यावर आली. आठवडाभरात दादांना ताप आला. तपासणीत करोना निघाला. श्वास बरा होता, प्राणवायूचे प्रमाण ९५-९६ च्या खाली गेले नव्हते. पण बारामतीत काय, इंदापुरात काय, खाट मिळण्याची शाश्वती नव्हती. रोज कोणाच्या तरी निधनाची वार्ता येई आणि माणसे भयाने अर्धी होत. त्याच भयात एक औषधचिठ्ठी मोबाईलवरून घरोघर फिरत होती. ती कोणाची, कोणासाठी लिहिलेली, हे कोणी विचारीत नव्हते. तीत स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. त्या गोळ्या दुकानातून मी विकत आणल्या. मोटारसायकलवरून दादांच्या दारापर्यंत मी नेल्या. "ताप पुरता जाईपर्यंत थांबवू नका," असेही मीच सांगितले.

स्टेरॉइडने करोनात जीव वाचवले, हे खरे आहे. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२० मध्ये जाहीर झाले होते. डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त औषध रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिल्याने प्राणवायूवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू घटले. परंतु ज्यांना बाहेरून प्राणवायू देण्याची गरज नव्हती, त्यांना त्याचा लाभ दिसला नव्हता, हेही त्याच निष्कर्षांत होते. दादांना प्राणवायू लागला नव्हता. त्यांनी गोळ्या १६ दिवस घेतल्या. त्यांना आठ वर्षांपासून मधुमेह होता, आणि हे मला ठाऊक होते.

मे महिना उजाडला. ताप गेला, खोकला उतरला. मी स्वतः जाऊन दादांचे रक्त घेतले आणि तपासले. शरीरातील दाह दाखवणारे सी-आर-पी खाली आले होते. पांढऱ्या पेशींची संख्या भरपूर होती, त्यांत न्यूट्रोफिल तर चांगलेच वाढलेले. साखर मात्र ३८० निघाली. मी मनाशी म्हटले, स्टेरॉइडने साखर चढतेच, गोळ्या बंद झाल्या की उतरेल. दादांना फोन करून सांगितले, "कागद चांगला आहे. आता फक्त गोड बंद."

दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला.

"भावजी, ह्यांचं तोंड पुसायला गरम पाण्याचा फडका घेतला होता. डाव्या गालाला लावला तर 'पोळलं' म्हणाले. उजव्या गालाला तोच फडका लावला, तर काहीच बोलले नाहीत. मी पुन्हा लावून पाहिला. त्यांना कळतच नाही."

मी विचारले, "दुखतंय का काही?"

"वरची दाढ दुखते म्हणतात. अन् उजवी नाकपुडी चोंदली आहे."

"दाढच असेल, वहिनी. रिपोर्ट मी कालच पाहिला आहे. काळजी करू नका."

"रिपोर्टात गाल येतो का, भावजी?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते. मी हसलो. ते हसू आजही माझ्या कानांत आहे.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी दादांची उजवी पापणी अर्धी मिटलेली होती, डोळ्याभोवती सूज होती आणि नाकातून काळपट तपकिरी पाणी आले होते. मी धावत गेलो. टॉर्च घेऊन तोंडात पाहिले, तर टाळूवर उजव्या बाजूला रुपयाएवढा काळा डाग. एव्हाना वर्तमानपत्रांतून 'काळी बुरशी' हा शब्द घरोघर पोहोचला होता. त्याच दुपारी पाटसमार्गे आम्ही पुणे गाठले.

रुग्णालयात नाकातील थोडा पापुद्रा काढून तपासणीसाठी पाठवला. मी त्याच व्यवसायातला आहे, हे कळल्यावर तेथील डॉक्टर बाईंनी मला सूक्ष्मदर्शकाशी बोलावले. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात बुडालेल्या त्या तुकड्यात रुंद, फितीसारखे तंतू होते. त्यांत आडवे पडदे नव्हते आणि फांद्या जवळजवळ काटकोनात फुटलेल्या होत्या. पुस्तकातले चित्रच जणू. विद्यार्थिदशेत हे चित्र मी गुणांसाठी काढले होते. आता ते माझ्या भावाच्या नाकातून निघाले होते.

म्युकरमायकोसिस हे नाव भयंकर वाटते, पण या बुरशीत परके असे काही नाही. ती आपल्या मातीत आहे, शेणखतात आहे, कुजणाऱ्या पाचटात आहे, शिळ्या पावावर आहे. तिचे बीजाणू आपण रोज श्वासाबरोबर आत घेतो, आणि देवाने शरीरात नेमून दिलेले पहारेकरी रोज त्यांचा समाचार घेतात. फुप्फुसातील भक्षक पेशी बीजाणूला गिळून रुजू देत नाहीत. त्यातूनही एखादा रुजलाच, तर रक्तातील न्यूट्रोफिल त्याच्या तंतूंवर तुटून पडतात. ही झुंज आपल्याला कधी जाणवतही नाही. बुरशी ही सर्वस्वी शत्रू आहे असेही नाही. दादा शेतात ट्रायकोडर्मा टाकतात, तीही बुरशीच. पेनिसिलिन बुरशीनेच दिले. वेदीवरच्या द्राक्षारसाला द्राक्षारसपण येते तेही किण्वामुळे, आणि किण्व हे बुरशीच्याच कुळातले.

पण पहारा ढळला की घरातलाच पाहुणा दरोडेखोर होतो. रक्तातील साखर फार वाढली की न्यूट्रोफिल मंदावतात. त्यांना धावत जाऊन शत्रूला मारणे जमत नाही. मधुमेहात रक्त आम्ल झाले, तर आणखी एक अनर्थ घडतो. आपल्या रक्तात लोह मोकळे फिरत नसते. ट्रान्स्फेरिन नावाच्या प्रथिनात ते कुलूपबंद असते, कारण लोह ही जंतूंचीही भूक आहे. रक्त आम्ल झाले की ते कुलूप सैल पडते आणि या बुरशीला हवे असलेले लोह तिच्या हाती लागते. मग ती रक्तवाहिन्यांच्या भिंती भेदून आत शिरते, वाहिनी गोठते, पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो भाग मरून काळा पडतो. बुरशीचा स्वतःचा रंग काळा नाही. काळे पडते ते आपले मांस.

आणि माझा तो 'चांगला कागद'? त्याचा अर्थ मला रुग्णालयाच्या व्हरांड्यात, फरशीवर बसून राहिलो असताना एकेक ओळीने उमगत गेला. स्टेरॉइडने न्यूट्रोफिलची रक्तातील संख्या वाढते, कारण ते वाहिन्यांच्या भिंती सोडून प्रवाहात येतात. पण तेथून बाहेर पडून लढायचे त्यांचे बळ कमी झालेले असते. मोजणीला सैन्य मोठे दिसते, आणि रणांगणावर कोणीच नसते. सी-आर-पी हे संकटाच्या हाकेसारखे असते. शरीरात दाह झाला की ते वाढते. ज्या गोळीने पहारेकऱ्यांना गुंगी आणली, तिनेच त्यांची हाकही दाबून टाकली होती. त्या कागदावर खरे बोलणारा एकच आकडा होता, ३८०. नेमका तोच मी 'उतरेल' म्हणून बाजूला ठेवला होता.

बुरशी शोधणाऱ्या रक्ताच्या चाचण्या आहेत. बहुतेक बुरशींच्या कवचात बीटा-डी-ग्लुकॅन नावाची शर्करा असते आणि आजार पसरला की तिचे कण रक्तात उतरतात. ते ओळखण्यासाठी समुद्रातील एका प्राण्याच्या रक्तातून काढलेला अर्क वापरतात. घोड्याच्या नालेच्या आकाराचा हा प्राणी आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर आढळतो. त्याला खेकडा म्हणतात, पण तो खरा खेकडा नव्हे. त्याचे रक्त तांब्यामुळे निळे असते आणि बुरशीच्या त्या शर्करेचा अंश लागताच अर्क गोठू लागतो. अॅस्परजिलस या बुरशीसाठी गॅलॅक्टोमॅनन नावाची निराळी चाचणी आहे. दादांच्या या दोन्ही चाचण्या केल्या. दोन्हींत काही निघाले नाही. मी डॉक्टरांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. ते शांतपणे म्हणाले, "निघणारच नाही. म्युकरच्या जातीत या शर्करा एवढ्या नसतातच. या आजारात रक्त नकार देते, त्यावर विसंबायचे नसते."

मग त्यांनी शस्त्रक्रियेविषयी सांगितले. उजव्या बाजूचे वरच्या जबड्याचे हाड, टाळूचा भाग आणि उजवा डोळा काढावा लागणार होता. डोळ्यात अजून थोडी दृष्टी होती. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मी काही बोलू शकलो नाही. दादांनी विचारले, "डोळा ठेवला तर?" डॉक्टर म्हणाले, "तेथून मेंदू लांब नाही." दादा क्षणभर गप्प राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "काणीचं बेट ठेवून रान वाचत नाही. कुठं सही करायची?"

पुढचे दिवस औषधाच्या शोधात गेले. या बुरशीवरचे मुख्य औषध अॅम्फोटेरिसिन. १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते मिळाले. त्या उन्हाळ्यात देशभर त्याचा तुटवडा पडला होता, राज्यांना कुप्यांचे वाटप केंद्र सरकार ठरवून देत होते, आणि नातेवाईक एकेका कुपीसाठी रांगेत उभे होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत या आजाराचा समावेश झाला, त्यामुळे आमच्यासारख्या कित्येक कुटुंबांची जमीन वाचली. पिंपरीवरून जाताना मला आठवे, की याच पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, डॉ. तिरुमलाचार यांनी १९६१ च्या सुमारास मातीतील एका जिवाणूपासून हमायसिन हे बुरशीवरचे औषध शोधले होते आणि त्या जिवाणूला पिंपरीचेच नाव मिळाले. ते औषध दादांच्या कामाचे नव्हते. तरी आपल्या जिल्ह्यातील मातीतूनही बुरशीवर उतारा निघाला होता, एवढ्या विचारानेच त्या दिवसांत थोडा धीर येई.

आणि एक न्यायाचे बोलले पाहिजे. अॅम्फोटेरिसिन बुरशीबरोबर मूत्रपिंडांनाही इजा करते. रोज सकाळी दादांच्या रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासले जाई आणि त्यावरून त्या दिवसाची मात्रा ठरे. एके दिवशी पोटॅशियम धोक्याइतके खाली गेले. ते रक्तातच दिसले, चेहऱ्यावर काही दिसले नव्हते. त्या दिवशी रक्तानेच दादांना वाचवले. तेव्हा रक्ताविषयी राग धरण्याचे मला कारण नाही. दोष रक्ताचा नव्हताच. मी त्याला एक प्रश्न विचारला होता, त्याने त्याचे उत्तर दिले होते, आणि ते उत्तर मी सगळ्याच प्रश्नांना लावून मोकळा झालो होतो.

बुरशीच्या आजारांत रक्ताचे बोलणे ऐकून माणसे वाचतात, याचीही उदाहरणे आहेत. एच.आय.व्ही.बाधित माणसाची प्रतिकारशक्ती फार खालावली, की क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी मेंदूच्या आवरणावर हल्ला करते. त्याआधी काही आठवडे तिची खूण रक्तात उतरलेली असते आणि साध्या पट्टीवर काही मिनिटांत ती दिसते. डोके दुखू लागण्याआधीच उपचार सुरू करता येतात. याच्या उलट, काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत अॅस्परजिलस नुसती वस्तीला असते. पण शरीर तिच्यावर एवढे खवळते, की त्या खवळण्यानेच फुप्फुसे खराब होतात. रक्तातील आय-जी-ई कमालीचे वाढलेले असते. ही तपासणी न झाल्याने आपल्याकडे असे रुग्ण क्षयाची औषधे घेत राहतात. म्हणजे प्रतिकार निजला तरी घात, आणि विवेक सोडून पेटला तरी घात. प्रतिकाराचे हे शास्त्र शिकवले तेही किती क्षुद्र जीवांनी! पिकल्या केळ्याभोवती घोंघावणारी चिलटे आपण हाताने झटकतो. १९९६ साली फ्रान्समध्ये ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेत दिसले, की टोल नावाचे जनुक बिघडलेले चिलट अॅस्परजिलसपुढे टिकाव धरू शकत नाही. त्यावरून जन्मजात प्रतिकाराचे एक मोठे दालन उघडले, आणि २०११ सालच्या नोबेल पुरस्कारात त्या कार्याचा गौरव झाला.

म्युकरही आता अगदीच अबोल राहिलेली नाही. रक्तरसात तिच्या डीएनएचा माग काढणारी पीसीआर चाचणी फ्रान्समधील संशोधकांनी वापरून पाहिली आहे, आणि कित्येक रुग्णांत नेहमीच्या निदानाच्या काही दिवस आधी ती खूण सापडली. या बुरशीला ओळखणाऱ्या लढाऊ पेशीही काही रुग्णांच्या रक्तात आढळल्या आहेत. पण हे ज्ञान मोठ्या प्रयोगशाळांत आहे. कालव्याच्या कडेला, पत्र्याच्या पडवीत खाटेवर झोपलेल्या माणसापर्यंत ते पोहोचायला वेळ लागेल. २०२१ च्या त्या काही आठवड्यांत देशात या आजाराचे ४५,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले, ४,३०० हून अधिक दगावले, आणि महाराष्ट्र त्या यादीत सर्वांत वर होता. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये घातक बुरशींची यादी प्रथमच प्रसिद्ध केली. तीत १९ नावे आहेत आणि म्युकरचे कूळ वरच्या गटांत आहे. चाचणी येईपर्यंत त्या पडवीतल्या माणसाला जो वाचवील, तो त्याचे तोंड पुसणाराच असेल.

दादा जुलैमध्ये घरी आले. टाळूच्या जागी दंतवैद्यांनी बसवलेली कृत्रिम पट्टी होती. ती काढली की शब्द नाकातून निसटत आणि पाणीही नाकातून येई. नाताळच्या मिस्सेला ते प्रथमच चर्चमध्ये आले. ख्रिस्तप्रसाद घेऊन जागेवर परतले आणि बराच वेळ गुडघ्यांवर तसेच राहिले. मला काळजी वाटली. बाहेर आल्यावर मी हळूच विचारले, तर म्हणाले, "पट्टीला चिकटला होता. जीभ लावून सोडवला. आज प्रभू उंबऱ्यावर जरा जास्त वेळ थांबला."

ते हसले, पण मला हसता आले नाही. माझ्या मनातला काळा डाग तसाच होता. मी पापनिवेदनाला गेलो आणि सगळे सांगितले: गोळ्या, तो फोन, ते हसू. फादरांनी शांतपणे ऐकून घेतले. पापक्षमा देण्याआधी ते म्हणाले, "देवाला तुम्ही सांगितलेत, ते चांगले केलेत. आता हेच तुमच्या वहिनींना सांगा."

ते मात्र फार अवघड गेले. तीन वेळा मी इंदापूरच्या वाटेला लागलो आणि तीन वेळा भलतेच बोलून परत आलो. चौथ्या वेळी वहिनी चुलीपुढे बसल्या होत्या. मी उंबऱ्यावर बसलो आणि सांगितले. त्यांनी भाकरी उलटली, तव्यावर दाबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "मला ठाऊक आहे, भावजी. गोळ्या तुम्ही आणल्यात, पण पाकीट रोज मीच फोडत होते. सोळा दिवस." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "त्या चार दिवसांत मी दुसऱ्या कोणाला विचारायला हवं होतं. तुम्ही शिकलेले, म्हणून गप्प बसले."

गोळ्यांचे ओझे त्यांनी अर्धे आपल्या खांद्यावर घेतले. पण त्यांचे दुसरे वाक्य मला अधिक जड वाटले. माझ्या शिक्षणाने एका जाणत्या बाईला गप्प बसवले होते.

पुढच्या उपवासकाळात, मार्च २०२२ मधल्या एका शुक्रवारी, आम्ही सगळे क्रुसाच्या वाटेच्या भक्तीला गेलो. सहाव्या स्थानाशी थांबलो. लहानपणापासून मी ते चित्र पाहत आलो आहे. गर्दी आहे, शिपाई आहेत, आणि एक बाई गर्दीतून पुढे होऊन प्रभूचे रक्ताने-घामाने माखलेले तोंड पुसते आहे. रक्त तेथे सर्वांनाच दिसत होते. फडका घेऊन पुढे झाली ती एक व्हेरोनिका. मी वळून पाहिले. वहिनी दादांच्या उजव्या बाजूला, डोळा नसलेल्या बाजूला उभ्या होत्या. तेथूनच कोणी धक्का देईल, ही त्यांची काळजी. दादांच्या गालावरून पाण्याचा ओघळ उतरला होता आणि त्यांना तो कळला नव्हता, कारण त्या गालाला अजूनही स्पर्श समजत नाही. वहिनींनी पदराच्या टोकाने तो टिपला आणि गुडघे टेकले.

आजही ओळखीपाळखीचे लोक रिपोर्ट घेऊन माझ्याकडे येतात. मी कागद हातात घेतो, पण उघडत नाही. बरोबर आलेल्या बाईला, मुलाला, म्हाताऱ्या आईला आधी विचारतो, "तुम्हाला काय दिसतंय?"